आमच्या अंगणाचा आकडा : अणुऊर्जा आयोगाच्या अध्यक्षांस अनावृत पत्र

माननीय अध्यक्ष,
अणुऊर्जा आयोग, मुंबई,
यांस,



आपल्या कचेरीत येणारे प्रत्येक पत्र आवक दप्तरात नोंदले जाऊन योग्य त्या अंमलदाराकडे जाते आणि त्याचे उत्तरही यथावकाश मिळते, याची मला जाणीव आहे. तरीही हे पत्र लिफाफ्यात न घालता मी सर्वांसमक्ष लिहीत आहे, कारण त्यातील मागणी माझ्या एकट्याच्या हिताची नाही आणि ती मान्य झाली तर तिचे निम्मे ओझे आम्हा नागरिकांनाच उचलावे लागणार आहे. मागणी अशी की, महाराष्ट्रातील प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी जमिनीतून, आकाशातून आणि हवेतून निसर्गतः येणाऱ्या किरणोत्सर्गाचा आकडा मराठीत, तारखेनिशी आणि मोजणीच्या रीतीनिशी लोकांना वाचता येईल असा लावला जावा, तो वर्षानुवर्षे जपून ठेवला जावा, आणि ही मोजणी करताना तेथील शाळा-महाविद्यालयांना आपल्या शास्त्रज्ञांनी बरोबर घ्यावे. मी कोकणातील एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवण्यात उमेद खर्ची घातलेला शिक्षक आहे. पुढे जे लिहीत आहे ते आपल्याला ठाऊक नाही अशा समजुतीने लिहीत नाही. हे पत्र माझे शेजारीही वाचणार आहेत म्हणून पाल्हाळ पत्करून लिहीत आहे.

किरणोत्सर्ग हा शब्द कानी पडताच आपल्या समाजाच्या मनात हिरोशिमा, चेर्नोबिल आणि फुकुशिमा ही नावे उभी राहतात, आणि त्या नावांच्या छायेत ही साधी गोष्ट झाकली जाते की, माणसाने अणू फोडला नसता तरी आपण सर्वजण जन्मापासून मृत्यूपर्यंत किरणोत्सर्गातच वावरलो असतो. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आणि युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षे. म्हणजे पृथ्वीच्या घडणीच्या वेळी जे युरेनियम तिच्या वाट्याला आले त्यातले जवळजवळ निम्मे अद्याप खडकांत शिल्लक आहे. थोरियमचे अर्धायुष्य तर सुमारे १,४०० कोटी वर्षांचे, तेव्हा त्याचा बहुतांश साठा जागच्या जागी आहे. यांच्या जोडीला पोटॅशियम-४०. पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंमागे जेमतेम एक अणू या जातीचा असतो. पण पोटॅशियमवाचून ना पीक येते ना हृदय चालते, त्यामुळे हा किरणोत्सारी अणू आपल्या रक्तामांसात कायमचा वस्तीला आहे. सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या देहात दर सेकंदाला असे चार हजारांहून अधिक अणू फुटत असतात. शेतकरी बाजारातून म्युरिएट ऑफ पोटॅशचे पन्नास किलोंचे पोते आणतो, त्या पोत्यात सेकंदाला सात-आठ लाख अणू फुटतात. किरणोत्सर्ग मोजणारा गायगर गणक पोत्याला टेकवला की त्याची टिकटिक ठळकपणे वाढते. वर्गातल्या मुलांना मी हे नेहमी करून दाखवीत असे, कारण ज्या पोत्यावर बसून त्यांनी शेतात न्याहारी केली होती त्याच पोत्याने गणक बोलू लागल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जी जिज्ञासा उमटे ती फळ्यावरच्या समीकरणाने कधी उमटली नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या ज्या वैज्ञानिक समितीने १९५५ साली स्थापन झाल्यापासून या विषयाचा हिशेब ठेवला आहे, तिच्या मते जगातील सरासरी माणसाला निसर्गाकडून दरसाल सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट इतकी मात्रा मिळते. त्यात आकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांचा वाटा सुमारे ०.४, जमिनीतून येणाऱ्या गॅमा किरणांचा सुमारे ०.५, अन्नपाण्याचा सुमारे ०.३, आणि उरलेला निम्म्याहून अधिक वाटा श्वासावाटे फुप्फुसात जाणाऱ्या रेडॉन वायूचा व त्याच्या वंशजांचा. सरासरी मात्र फसवी असते. जमीन बदलली, उंची बदलली, घराची बांधणी बदलली की आकडा बदलतो, आणि म्हणूनच तो त्या त्या ठिकाणी जाऊन मोजावा लागतो.

या मोजणीला सुमारे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो आपल्या आयोगाला परका नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातील प्रयोगशाळांत विद्युद्दर्शक यंत्रे कितीही काळजीने झाकून ठेवली तरी त्यांच्यावरील विद्युत्भार हळूहळू गळून जात असे. ही गळती जमिनीतील किरणोत्सारी द्रव्यांमुळे होते असा सर्वसाधारण समज होता. थिओडोर वुल्फ या जेझुइट पंथाच्या पाद्र्याने स्वतः बनवलेले उपकरण १९१० साली पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावर नेले, तेव्हा तेथे किरणोत्सर्ग कमी झाला खरा, परंतु अपेक्षेइतका झाला नाही. दोमेनिको पाचिनी या इटालियन शास्त्रज्ञाने उपकरण समुद्राच्या पाण्याखाली बुडवून मोजणी केली आणि किरणांचा काही भाग जमिनीतून येत नसावा असे अनुमान मांडले. शेवटी ७ ऑगस्ट १९१२ रोजी व्हिक्टर हेस हायड्रोजनने भरलेल्या फुग्यातून पाच हजार मीटरांहून अधिक उंचीवर गेला आणि तेथील मोजणी जमिनीवरच्या मोजणीच्या सुमारे दुप्पट असल्याचे त्याने नोंदले. विश्वकिरणांचा शोध लागला तो असा, एका क्षुल्लक वाटणाऱ्या गळतीचा पाठपुरावा करता करता. आणि १९३६ साली हेसला त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.

ज्या पदावर आज आपण आहात त्या पदाचे पहिले अधिकारी होमी भाभा हे याच विश्वकिरणांचे अभ्यासक होते. १९४८ साली आयोग स्थापन होण्यापूर्वी त्यांचे नाव जगात झाले ते विश्वकिरणांपासून उत्पन्न होणाऱ्या कणवर्षावाच्या उपपत्तीमुळे, आणि त्यांनी उभारलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ कोलारच्या सोन्याच्या खाणीत मैलाहून अधिक खोल उतरून, जेथे आकाशाचा किरणोत्सर्ग जवळजवळ निमालेला असतो अशा काळोखात आपली उपकरणे मांडून बसले. तेथेच १९६५ साली वातावरणात जन्मणाऱ्या न्यूट्रिनोंचा मागोवा लागला. निसर्गाचा किरणोत्सर्ग निरखणे हा आपल्या आयोगाचा कुलधर्म आहे असे मी म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

आता केरळकडे वळतो, कारण नैसर्गिक किरणोत्सर्गाचा विचार भारतात ज्याला करायचा आहे त्याला कोल्लम जिल्ह्यातील चवरा आणि करुनागप्पळ्ळीच्या किनाऱ्यावर जावेच लागते. त्रावणकोर संस्थानातून जर्मनीला जाणाऱ्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट आहे हे शोंबर्ग या जर्मन रसायनज्ञाच्या ध्यानी १९०९ साली आले, आणि पाठोपाठ ती वाळू जहाजांतून युरोपास जाऊ लागली. तिचे गिऱ्हाईक कोण? गॅसबत्तीचे मेंटल करणारे कारखानदार. जुन्या मेंटलची ती पांढरी जाळी जवळजवळ शुद्ध थोरियम ऑक्साइडची असे. महाराष्ट्रातील लग्नांच्या वराती, तमाशाचे फड आणि रात्रीची कीर्तने ज्या पेट्रोमॅक्सच्या उजेडात झाली, तो उजेड थोरियमच्या जाळीतून पडत होता. केरळच्या मोनाझाइटमध्ये आठ ते दहा टक्के थोरियम ऑक्साइड असते, आणि त्या वाळूवर माणसे पिढ्यानपिढ्या राहत, मासे वाळवत, घरे बांधत आलेली आहेत. काही ठिकाणी तेथील मात्रा वर्षाला ७० मिलिग्रेपर्यंत जाते. आपल्या देशात इतरत्र जमीन आणि आकाश मिळून जी बाह्य मात्रा मिळते ती सर्वसाधारणपणे वर्षाला एक मिलिग्रेच्या आतबाहेर असते.

अशा ठिकाणी भीती पसरवणे किती सोपे होते, आणि भीती उडवून लावणेही तितकेच सोपे होते, याचा विचार करावा. तिरुवनंतपुरमच्या प्रादेशिक कर्करोग केंद्रातील वैद्यांनी आणि शास्त्रज्ञांनी या दोन्ही सोप्या वाटा टाळल्या. घरोघर जाऊन त्यांनी आत आणि बाहेर किरणोत्सर्ग मोजला, माणसे नोंदली, त्यांच्या विडी-तंबाखूच्या सवयी टिपल्या, कर्करोगाची नोंदवही चालू ठेवली, आणि तीस ते चौऱ्याऐंशी वर्षे वयाच्या सुमारे सत्तर हजार माणसांच्या गटाचा सरासरी दहा वर्षांहून अधिक काळ मागोवा घेऊन २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला की, नैसर्गिक किरणोत्सर्गाच्या वाढत्या मात्रेबरोबर कर्करोगाचे प्रमाण वाढल्याचे या गटात आढळले नाही. याचा अर्थ किरणोत्सर्ग निरुपद्रवी आहे असा कोणी करू नये. बंद खोलीत साचणारा रेडॉन हे धूम्रपानाच्या खालोखाल फुप्फुसाच्या कर्करोगाचे कारण आहे हे जागतिक आरोग्य संघटनेने निःसंदिग्धपणे सांगितले आहे आणि घरातील हवेसाठी घनमीटरला १०० बेकरेल ही संदर्भपातळीही सुचवली आहे. करुनागप्पळ्ळीच्या कामातून मला आपल्यापुढे ठेवायचे आहे ते एवढेच की, जेथे आकडा घराघरातून गोळा झाला तेथे त्याच्यावर वादही करता आला आणि विश्वासही ठेवता आला.

आमच्या मुलखाची स्थिती निराळी आहे. महाराष्ट्राचा फार मोठा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतल्या गेलेल्या काळ्या पाषाणाचा, बेसाल्टचा आहे, आणि बेसाल्टात युरेनियम, थोरियम व पोटॅशियम ही तिन्ही द्रव्ये ग्रॅनाइटाच्या मानाने पुष्कळच कमी असतात. भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीकडे हा काळा थर संपून प्राचीन ग्रॅनाइट आणि नाइस वर येतात, तेव्हा तेथे आकडा चढा असणे स्वाभाविक आहे. पुण्यामुंबईच्या घरांत स्वयंपाकाच्या ओट्यावर दक्षिणेतून आणलेला ग्रॅनाइट बसवतात, त्याच्याजवळ संवेदनक्षम उपकरण नेले तर भिंतीपेक्षा ओटा किंचित अधिक बोलतो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, पण ठाऊक असण्यासारखे निश्चित आहे. कोकणात तर एकाच गावात तीन प्रकारच्या जमिनी भेटतात. मूळ पाषाण कुजून त्याचा जांभा होताना पोटॅशियम पावसाबरोबर धुऊन जाते आणि थोरियम मात्र लोखंडासारखे मागे राहते, त्यामुळे सड्यावरचा जांभा आणि त्याच्या पोटातला काळा कातळ यांची किरणोत्सारी ओळख वेगवेगळी असते. ती ओळख गॅमा किरणांच्या ऊर्जेवरून पटते : पोटॅशियमची खूण १,४६१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर, आणि थोरियमच्या वंशातील थॅलियमची २,६१४ वर. आणि मग समुद्रकाठची काळी वाळू. रत्नागिरी जिल्ह्याच्या पुळणींवर ती पाहून केरळविषयी काहीबाही वाचलेली माणसे मला अनेकदा विचारतात की, ही वाळूही तसलीच काय? ती काळी आहे ती मुख्यतः इल्मेनाइटमुळे, म्हणजे लोह आणि टायटॅनियम यांच्या खनिजामुळे, आणि काळेपणावरून किरणोत्सारितेचा काही बोध होत नाही, असे मी त्यांना सांगतो. परंतु माझ्या सांगण्याऐवजी त्यांच्या तहसील कचेरीच्या भिंतीवर एक आकडा असता, तर प्रश्न विचारणाऱ्याला माझ्या शब्दावर विसंबावे लागले नसते.

मोजणी वाटते तितकी सरळ नसते, आणि तिच्या अडचणी लोकांपासून लपवून ठेवल्या तर आकडाही लोकांना परका होतो. लहान गायगर गणक आमच्या भागात मिनिटाला पंधरा-वीस टिकटिक करतो. अणू फुटतो तो घड्याळ पाहून फुटत नाही. वीस ठोक्यांच्या मोजणीत चार-पाच ठोक्यांची चढउतार केवळ यदृच्छेने होते, आणि एका मिनिटात वीसचे सव्वीस झाले म्हणून काही घडले असे मानणाऱ्याची फसगत होते. तासभर मोजून बाराशे ठोके जमले की हीच अनिश्चितता तीन टक्क्यांवर येते. उपकरण जमिनीपासून एक मीटर उंचीवर धरायचे, भिंतीपासून दूर मोकळ्या जागेत धरायचे, आणि त्याआधी सीझियम-१३७ सारख्या प्रमाण उगमाशी ताडून घ्यायचे. हलक्या ऊर्जेचे गॅमा किरण साधा गणक वाजवीपेक्षा अधिक मोजतो, त्यामुळे बाजारातल्या स्वस्त उपकरणाच्या पडद्यावर उमटलेला मायक्रोसीव्हर्टचा आकडा खरा मानण्यापूर्वी त्याची पारख करावी लागते. आपल्या शास्त्रज्ञांनी वापरात आणलेली डिस्प्रोसियमचा अंश मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटची चकती याहून शांत स्वभावाची; ती महिनोन्‌महिने एका जागी टांगून ठेवायची, आणि मग प्रयोगशाळेत तापवली की तिने साठवलेली मात्रा प्रकाशाच्या रूपाने परत करते.

आणखी एका अडचणीचा उपाय आम्हाला समुद्राने शिकवला. उपकरण जो आकडा दाखवते त्यात जमिनीचा वाटा किती, आकाशाचा किती आणि उपकरणाच्या स्वतःच्या धातूतून येणारा किती, हे वेगळे कसे करायचे? ओळखीच्या तांडेलाच्या होडीतून विद्यार्थ्यांना घेऊन किनाऱ्यापासून बरेच आत गेलो. होडी धक्क्याला होती तेव्हा गणकाची टिकटिक अंगणातल्यासारखीच होती. पाणी पाच-सहा वाव खोल झाले आणि किनारा निळसर रेषेएवढा उरला तेव्हा ती स्पष्टपणे मंदावली, कारण खालच्या जमिनीचे किरण पाण्याने शोषून घेतले होते आणि आता बोलत होते ते केवळ आकाश आणि यंत्र. मुलांनी पाळीपाळीने ठोके मोजले, वहीत लिहिले, आणि परतल्यावर अंगणातल्या आकड्यातून तो आकडा वजा केला. उरला तो आमच्या जमिनीचा. समुद्रसपाटीवर विश्वकिरणांची मात्रा तासाला ०.०३ मायक्रोसीव्हर्टच्या आसपास असते असे ग्रंथ सांगतात. तांडेलाने परतताना विचारले की, मग समुद्रावरचा माणूस जमिनीवरच्यापेक्षा कमी किरणे खातो काय? होय, असे उत्तर ज्या मुलीने दिले तिच्या हातात तिची स्वतःची वही होती.

पावसाचेही तसेच. मृगाच्या पहिल्या सरी कोसळल्या की हवेतील धुळीला चिकटलेले रेडॉनचे अल्पायुषी वंशज, शिसे-२१४ आणि बिस्मथ-२१४, पाण्याबरोबर खाली उतरतात. अशा वेळी उघड्यावर उभ्या असलेल्या मोटारीच्या टपावरचे पाणी कागदाने पुसून तो ओला कागद गणकाच्या खिडकीशी धरला तर टिकटिक एकदम चढते, आणि सुमारे अर्ध्या तासात निम्म्यावर, तीन-चार तासांत पुन्हा मूळ पदावर येते. हा निसर्गाचा क्रम ज्याने पाहिला नाही, त्याच्या हाती उद्या एखाद्याने पावसाळ्यातला चढा आकडा दिला आणि कुठल्यातरी अणुभट्टीतून गळती झाली असे सांगितले, तर त्याने विश्वास ठेवू नये तो कशाच्या आधारावर? पुढे श्रावणापर्यंत माती पाण्याने ओथंबली की ओली माती खालचे किरण अडवते आणि रेडॉनलाही बाहेर पडू देत नाही, त्यामुळे आकडा उलट थोडा उतरतो. एका दिवसाच्या मोजणीने तालुक्याची ओळख होत नाही. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा मिळून ती होते.

आता मूळ मुद्द्यावर येतो. राजापूर तालुक्यात माडबनच्या सड्यावर सहा अणुभट्ट्या उभारण्याची योजना आहे, आणि नोव्हेंबर २०१० मध्ये तिला पर्यावरणविषयक मंजुरी मिळाल्यापासून या किनाऱ्यावर तिच्याविषयी जी मते आहेत ती आपल्याला ठाऊक आहेत. प्रकल्प व्हावा की न व्हावा याविषयी मी या पत्रात अवाक्षर काढणार नाही. ते निराळे प्रकरण आहे. परंतु प्रकल्प झाला तरी, आणि न झाला तरी, आजचा आकडा आजच नोंदला गेला पाहिजे, कारण उद्या तो नोंदता येणार नाही. अणुविद्युत केंद्र चालू होण्याच्या कित्येक वर्षे आधी तेथे पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा उभारून पूर्वस्थिती मोजण्याची आपल्या खात्याची शिस्त आहे आणि ती शिस्त उत्तम आहे. तरी अहवालाच्या परिशिष्टातील कोष्टक आणि गावकऱ्याने आपल्या अंगणात स्वतः उभे राहून उमटताना पाहिलेला आकडा या दोहोंत विश्वासाच्या दृष्टीने महदंतर आहे. आंब्याच्या मोहोराला काही झाले, खाडीत मासळी कमी झाली, घरात कोणाला असाध्य आजार झाला, तर उद्या दोष कशावर जाईल हे सांगायला ज्योतिषी नको. आणि तो दोष न्याय्य आहे की अन्याय्य, हे ठरवायला दोन्ही पक्षांना मान्य असलेली आधीची नोंद हवी. ही नोंद नसेल तर गावकऱ्याची तक्रार सिद्ध होणार नाही आणि आपली ग्वाहीही सिद्ध होणार नाही.

जपानने हा धडा फार महाग किमतीला विकत घेतला. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर आणि फुकुशिमाच्या अपघातानंतर हजारो सामान्य माणसांनी गणक विकत घेतले, स्वयंसेवकांनी मोटारींना उपकरणे बांधून रस्तेच्या रस्ते मोजले आणि सर्व आकडे जगाला खुले केले. त्याच वर्षी ऑक्टोबरात टोकियोच्या सेतागाया भागात एका रस्त्याच्या कडेला तासाला अडीच मायक्रोसीव्हर्टहून अधिक मात्रा नागरिकांना आढळली. सर्वांना वाटले की फुकुशिमाची धूळ इथवर आली. प्रत्यक्षात तेथील एका जुन्या घराच्या जमिनीखाली रेडियमच्या बाटल्या निघाल्या, कित्येक वर्षांपूर्वी कोणी ठेवून विसरलेल्या. नागरिकांनी मोजले नसते तर त्या आणखी कित्येक वर्षे तेथेच पडून राहिल्या असत्या. आपल्याकडे एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीतील भंगारबाजारात कोबाल्ट-६० चा उगम उघडा पडला, एका कामगाराचा जीव गेला, आणि काय घडले ते कळले तेव्हा माणसे भाजून रुग्णालयात पोचली होती. त्या गल्लीत एखादा साधा गणक असता तर तो दुकानाच्या दारातच ओरडला असता.

भाभा अणुसंशोधन केंद्राने देशभर शेकडो ठिकाणी स्वयंचलित मापके बसवून जे जाळे विणले आहे त्याविषयी मला आदर आहे, आणि म्हणूनच ते तालुक्यापर्यंत यावे असे वाटते. जर्मनीसारख्या महाराष्ट्राहून थोड्याच मोठ्या देशात सुमारे १,७०० मापके आहेत आणि त्यांचे आकडे कोणाही नागरिकाला पाहता येतात. आपल्याला एवढी आरंभीच नकोत. तहसील कचेरीच्या आवारात पर्जन्यमापक असते. मामलेदाराच्या काळापासून तेथे रोज सकाळी पाऊस मोजला जातो, नोंदला जातो आणि वर्तमानपत्रांत छापून येतो, आणि आमच्याकडचा अडाणी म्हणवला जाणारा शेतकरीही कोणत्या तालुक्यात किती मिलिमीटर पडला यावर पारावर बसून अधिकाराने बोलतो. शंभर मिलिमीटर पाऊस ऐकून तो घाबरत नाही, कारण मागच्या वर्षी आणि त्याच्या मागच्या वर्षी किती पडला हे त्याला ठाऊक असते. त्या पर्जन्यमापकाशेजारी एक किरणोत्सर्गमापक बसवावा, एवढेच मी मागतो आहे.

अधिकारीवर्गात असे एक मत असते की, लोकांना आकडे दिले की ते त्यांचा विपर्यास करतील. हे मत मला सर्वथा अमान्य आहे. विपर्यास होतो तो एकाकी, संदर्भहीन, संकटाच्या दिवशी प्रथमच कानी पडलेल्या आकड्याचा. नागरिकांसाठी आपल्या नियामक मंडळाने ठरवलेली वर्षाला एक मिलिसीव्हर्टची मर्यादा निसर्गाच्या आणि वैद्यकीय तपासण्यांच्या मात्रेवेगळी मोजायची असते, हे किती सुशिक्षितांना ठाऊक आहे? त्यामुळे निसर्गाची मात्रा अडीच आहे असे ऐकताच मर्यादा ओलांडली गेली असा आक्रोश होतो. हा आक्रोश अज्ञानाचा आहे आणि त्या अज्ञानाला आकडे न देणारे जबाबदार आहेत. म्हणून फलकावर नुसता अंक नसावा. आजचा आकडा, गेल्या वर्षीचा याच महिन्याचा आकडा, उपकरणाची जात, ते शेवटी कधी ताडून पाहिले ती तारीख, पाऊस होता की ऊन, आणि अनिश्चितता किती, एवढे सर्व तेथे लिहिलेले असावे. एखाद्या दिवशी यंत्र बंद असेल तर बंद आहे असेही लिहावे. सातबाऱ्याचा उतारा वाचणारा माणूस हा फलक वाचू शकतो.

शाळांविषयी माझी विनंती विशेष आग्रहाची आहे. प्रत्येक तालुक्यातील एका विद्यालयाला आपल्या केंद्राने पारखलेला गणक उसना द्यावा आणि वर्षातून एकदा परत मागवून तपासावा. मुलांनी जांभ्याची चिरेखाण, भाताचा मळा, पुळण, देवळाचा काळ्या पाषाणाचा गाभारा, बंद माजघर आणि मोकळी पडवी अशा ठिकाणी वर्षभर मोजणी करून नोंदवही भरावी, आणि त्या नोंदवह्या जिल्ह्याच्या ठिकाणी कायम दप्तरात ठेवाव्यात. त्या मुलांपैकी एखादी उद्या ट्रॉम्बेला येईल, एखादा प्रकल्पाविरुद्धच्या मोर्चात पुढे असेल. दोघांनीही त्याच वहीतले आकडे उद्धृत करावेत, अशी माझी इच्छा आहे. महाविद्यालयांना चकत्या द्याव्यात, आणि ज्या घरात त्या टांगल्या त्या घरच्यांना निकाल मराठीत लेखी कळवावा. रेडॉनच्या स्वतंत्र मोजणीत तो ज्या घरी अधिक निघेल तेथे खिडकी उघडी ठेवण्यापासून जोत्याच्या भेगा बुजवण्यापर्यंतचे साधे उपायही त्याच पत्रात सांगावेत.

खर्चाचा प्रश्न निघेल. परंतु जी रक्कम लागेल ती अणुविद्युत केंद्राच्या एखाद्या उपकेंद्राच्या भिंतीइतकीही नसेल, आणि मनुष्यबळ म्हणाल तर आमच्यासारखे निवृत्त शिक्षक प्रत्येक तालुक्यात निघतील, त्यांना मानधन नको आहे.

काम कोठून सुरू करावे असे विचाराल तर किनाऱ्यापासून करावे : राजापूर, रत्नागिरी, देवगड आणि मालवण या तालुक्यांत, आणि पाठोपाठ जेथे बेसाल्ट संपतो त्या चंद्रपूर-गडचिरोलीत, म्हणजे राज्यातील दोन टोकांच्या जमिनी प्रथम नोंदल्या जातील. कोरड्या मातीचा आकडा पावसाच्या आधीच घ्यावा लागतो. आपण आदेश काढावा, उपकरणे आणि ती वापरायला शिकवणारा एक शास्त्रज्ञ पाठवावा. पहिली नोंद येत्या मृगापूर्वी होऊ द्यावी, आणि ती घेताना गावच्या माणसांना शेजारी उभे राहू द्यावे, ही कळकळीची विनंती.

कळावे.

आपला नम्र,
कोकणातील एक निवृत्त पदार्थविज्ञान शिक्षक